बैलगाडी कुठून जायची?

घोडेगाव, ता. आंबेगाव
मार्गशीर्ष

चि. बाळ,

तुझा मेसेज आला तेव्हा मी जुन्नरच्या कोर्टात साक्षीदाराची वाट बघत बसलो होतो. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख पडली. परतीच्या एसटीत नारायणगाव ते मंचर मी तुझं म्हणणं दोनदा वाचलं. तू लिहितेस, सनद हातात आली, पण ज्या कामांवर तुमची पिढी वकिली शिकली ती सगळी आता एआय करतं. निवाडे शोधणं, नोटीस लिहिणं, दाव्याचा मसुदा, भाषांतर. मग ज्युनिअर ठेवणार कोण, आणि ज्युनिअर झालेच नाही तर शिकणार कुठे? आणि शेवटच्या ओळीत विचारतेस, पुण्यात कंपनीची नोकरी धरू की घोडेगावला येऊ?

प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तर फोनवर न देता लिहून पाठवतोय. लिहिताना मला नीट सुचतं.

गेल्या महिन्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा एक मुलगा माझ्याकडे आला. वय तुझ्याएवढंच. भात काढणीला आलेलं आणि खाचरापर्यंत गाडी जाईना, घरच्या बाया डोक्यावरून भारे वाहत होत्या. त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. म्हणाला, "वकीलसाहेब, मी विचारून ठेवलंय. फक्त तुमची सही पाहिजे." त्याने एआयला मराठीत विचारलं होतं, आणि मराठीतच उत्तर आलं होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. लगतच्या गटांच्या बांधावरून रस्ता मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करा, सातबारा जोडा, नकाशा जोडा, शेजाऱ्यांची नावं-पत्ते द्या. खाली अर्जाचा मसुदासुद्धा तयार. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. एक शब्द चुकीचा नव्हता. दोन-तीन वर्षं वकिली केलेल्या पोरांनी मला याहून कच्चे मसुदे दाखवलेत, आणि हे मी त्या मुलालाही सांगितलं.

मग मी त्याला विचारलं, "तुझे आजोबा बैलगाडी कुठून न्यायचे?"

तो म्हणाला, "इथनंच की. आंब्याच्या खालून, बांधाच्या कडेकडेनं. पार खाचरापर्यंत."

"मग आता?"

"चुलत्यानं तारेचं कंपाउंड घातलं ना. मृगाच्या तोंडाला."

आता तू कायदा शिकली आहेस, तुला इथे खटकायला हवं. कलम १४३ असतं ते रस्ता नसेल तर नवा मिळवण्यासाठी. त्यात तहसीलदार गरज बघतात, दुसरा मार्ग आहे का ते बघतात, शेजाऱ्याचं नुकसान किती ते बघतात. चुलत्याने उभं राहून नुसतं म्हटलं असतं की ओढ्याकडून वाट आहे, तर हा मुलगा दोन-तीन वर्षं त्यातच अडकला असता. पण याचा रस्ता होता, आणि तो अडवला होता. त्यासाठी मामलेदार कोर्ट कायदा १९०६ मधलं कलम ५ आहे. अर्ज त्याच तहसील कचेरीत, त्याच साहेबांपुढे, पण मागणी वेगळी: अडथळा काढा आणि पुन्हा घालू नका अशी ताकीद द्या. त्याला मुदत आहे, अडथळा झाल्यापासून सहा महिने. मृगापासून मोजलं तर पाच महिने होऊन गेले होते. हातात जेमतेम तीन-चार आठवडे.

यंत्र चुकलं का? मी त्याने विचारलेला प्रश्न वर सरकवून वाचला. लिहिलं होतं, "आम्हाला शेतात जायला रस्ता नाही." आपल्याकडे माणूस असंच बोलतो. रस्ता नाही म्हणजे रस्ता होता, आता जाऊ देत नाहीत. पाणी नाही म्हणजे पाळी आली होती, वरच्याने दार पाडलं. यंत्राने त्या वाक्याला उत्तर दिलं, आणि वाक्यापुरतं उत्तर बरोबर होतं. त्या वाक्याच्या मागे एक आंबा उभा होता, तो त्याला दिसत नव्हता आणि मुलाला सांगायचं सुचलं नव्हतं. पक्षकाराला कुठली गोष्ट महत्त्वाची ते माहीत नसतं, म्हणून तर तो वकिलाकडे येतो.

यावर तू म्हणशील, आजोबांनी स्वतःचंच घोडं पुढे दामटलं, आता म्हणतील यंत्राला माणूस कळत नाही. मला एवढंच सांगून थांबायचं नाही. आता दुसरी बाजू लिहितो.

गेल्या वर्षी एका वाटपाच्या प्रकरणात मी तारखांची यादी केली होती. जुने सातबारे, फेरफार, एक मोडीतला कागद, एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचा गट नंबर कसा झाला त्याचा उतारा, सगळं लावून झालं. मग सगळी नावं काढून टाकली, गावाचं नाव काढलं, गट नंबर काढले, आणि नुसत्या तारखा आणि नोंदी शेजारच्या मुलाकडून एआयपुढे टाकून घेतल्या. म्हटलं, यात काय सुटलंय ते सांग. बरंचसं जे आलं ते मला ठाऊक होतं. एक ओळ मात्र अशी होती की मी खुर्चीत ताठ झालो. मूळ मालक वारल्यावर वारसनोंदीत तीन मुलगे दिसतात, मालकाला मुली होत्या का, असल्यास त्यांची नावं का नाहीत?

तो फेरफार मी दहा वेळा तरी वाचला असेन. माझी नजर त्यावरून दरवेळी घसरून पुढे गेली होती. कारण मी याच मातीतला. त्या काळात बहिणींची नावं लावत नसत, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की नाव नसणं मला दिसेनासं झालं होतं. चौकशी केली तर दोन बहिणी निघाल्या. एक ओतूरला दिलेली, एक संगमनेरकडे. दोघी हयात. कुणीही हक्कसोड लिहून दिलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात मुलीचा हक्क जन्मानेच असतो, बाप २००५ साली हयात असो वा नसो, हे स्पष्ट केलं. तो निवाडा मला पाठ होता. तरी घरातल्या दोन बायका माझ्या यादीत नव्हत्या.

म्हणजे मला आंबा दिसला आणि बहिणी दिसल्या नाहीत. हे तुझ्यापासून लपवावं असं मला वाटत नाही, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या दोन गोष्टींच्या मधेच सापडलं आहे. गावाची भाषा कानात असली की पक्षकार न बोललेलंही ऐकू येतं, आणि गावाच्या सवयी डोळ्यांत भरल्या की समोर लिहिलेलंही दिसत नाही. यंत्राला ती भाषा नाही, तशा आपल्या सवयीही नाहीत. (त्याच्या स्वतःच्या सवयी असतीलच, त्या ओळखायचं काम तुझ्या पिढीचं.) म्हणून माझं सांगणं फक्त क्रमाचं आहे. आधी कागद तू वाचायचे, माणूस तू ऐकायचा, यादी तुझ्या हाताने करायची. मग यंत्राला बोलवायचं आणि म्हणायचं, आता मला प्रश्न विचार. उलटा क्रम धरलास, म्हणजे आधी त्याच्याकडून मसुदा घेतलास आणि मग कागद त्याच्याशी ताडून बघायला लागलीस, तर तुला तेवढंच दिसेल जेवढं त्याने दाखवलं.

उलट्या क्रमाने काय होतं ते मला फार लवकर कळलं, आणि तेव्हा एआय नव्हतं.

माझं वकिलीचं तिसरं वर्ष. मीना नदीच्या काठच्या एका गावची विधवा बाई, दिरावर वाटपाचा दावा करायचा होता. त्या काळी मसुदा म्हणजे काय, तर सीनिअरच्या कपाटातली तशीच एखादी जुनी फाइल काढायची, तिच्यावरून नवा दावा उतरवायचा, नावं आणि गट नंबर बदलायचे आणि टायपिस्टकडे द्यायचा. मी तेच केलं. पूर्वेस अमुक, पश्चिमेस अमुक, उत्तरेस शिवरस्ता, दक्षिणेस ओढा. पूर्व, पश्चिम, उत्तर मी बदललं. "दक्षिणेस ओढा" हे जुन्या फाइलमधलं तसंच राहिलं. बाईच्या जमिनीच्या दक्षिणेला भावकीतल्या एकाचं वावर होतं आणि ओढा त्याच्या पलीकडे. बाईने दावा वाचला नाही, तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला तेव्हा तिने ओढा ऐकला आणि मान डोलावली, कारण ओढा तिच्या रानाजवळ होताच. दिराच्या वकिलाचंही लक्ष गेलं नाही. दावा तिच्या बाजूने लागला, हुकूमनाम्यात माझी चतुःसीमा जशीच्या तशी उतरली, आणि वाटपासाठी प्रकरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे गेलं.

मोजणीच्या दिवशी मी गेलो होतो. सर्व्हेअरने टेबल लावलं, साखळी धरली, आणि भावकीतला तो माणूस आडवा उभा राहिला. त्याचं म्हणणं खरं होतं. आमच्या हुकूमनाम्याप्रमाणे त्याचं सगळं वावर बाईच्या हद्दीत येत होतं. गट नंबर एक सांगत होता, चतुःसीमा दुसरंच. मोजणी झाली नाही. कागद परत. मग दुरुस्तीचा अर्ज, त्यावर दिराची हरकत, भावकीवाल्याची हरकत, अपील, पुन्हा खाली. सात वर्षं. सहाव्या वर्षी बाई वारली. ताबा तिच्या मुलीला मिळाला. बाई तारखेला यायची तेव्हा पदरात ओल्या शेंगा बांधून आणायची, माझ्या टेबलावर ठेवायची, आणि एकदाही मला बोलली नाही की हे तुझ्या एका शब्दामुळे झालं. तिला ते माहीत होतं, मी स्वतः सांगितलं होतं. ती फाइल मी अजून ठेवली आहे.

दावा लिहिण्याआधी मी त्या वावरात एकदा जाऊन उभा राहिलो असतो, तर ओढा किती लांब आहे ते पायांनीच सांगितलं असतं. त्यानंतर मी जमिनीचा एकही दावा जागा बघितल्याशिवाय लिहिलेला नाही.

आता तू वर्तमानपत्रात जे वाचतेस ते याच्या शेजारी ठेव. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी एआयकडून घेतलेले निवाडे कोर्टापुढे मांडले. ते निवाडे कुठल्याच न्यायालयाने कधी दिलेले नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. आपल्याला वाटलं, अमेरिकेतली गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि त्यावर कोट्यवधींची रक्कम एका कंपनीच्या उत्पन्नात धरली गेली होती. खंडपीठाने बजावलं की एआयच्या काळात यंत्र जे देईल ते डोळे मिटून घेऊ नका, पडताळून बघा.

हे होतं कसं, ते समजून घे, नाहीतर नुसती भीती बसेल. हे यंत्र लाखो कागद वाचून शब्दांच्या चाली शिकलेलं असतं, कुठल्या शब्दानंतर कुठला येतो ते. निवाड्याच्या नावालाही चाल असते. अमुक विरुद्ध तमुक, साल, खंड, पान. ती चाल यंत्र हुबेहूब बसवतं. त्या पानावर तो निवाडा खरंच छापलेला आहे का, हे चालीवरून कळत नाही. त्यासाठी पान उघडावं लागतं. माझ्या "दक्षिणेस ओढा"चंही तेच होतं. वाक्याची चाल बरोबर होती. जमिनीवर ते नव्हतं. तेव्हा दाव्यात जो निवाडा लिहिशील तो सर्वोच्च न्यायालयाच्या किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घे, निदान ज्या परिच्छेदावर भिस्त आहे तो पूर्ण वाच, आणि तो पुढे कुठे फिरवला गेलाय का ते बघ. यात हयगय केलीस तर मी तुझ्यावर रागावेन, आत्ताच सांगून ठेवतो.

मला या यंत्राकडून आशाही फार आहे. आपल्या तालुक्याचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या आपण का हरलो हे न कळताच घरी गेला आहे. खालच्या कोर्टांची भाषा मराठी करणारी अधिसूचना निघाली २१ जुलै १९९८ रोजी. वरचा निकाल इंग्रजीतच. वकील सांगेल तो निकाल. २०१९ च्या संविधान दिनाला सर्वोच्च न्यायालयाने निवाड्यांच्या भाषांतरासाठी सुवास नावाची एआय प्रणाली आणली, तेव्हा सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. पुढे धनंजय चंद्रचूड यांच्या काळात २०२३ च्या प्रजासत्ताक दिनापासून निवडक निवाडे मराठीसह अनेक भाषांत लोकांना फुकट वाचायला मिळू लागले. चंद्रचूड घराणं मूळचं आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचं, म्हणून मला त्याचं जरा जास्तच अप्रूप. भाषांतरात चुका होतात. 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपिलाला परवानगी, तिचं यंत्राने "सुट्टी मंजूर" केलं, हे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्याच एका न्यायमूर्तींनी दिलं होतं. म्हणून तिथे तपासणारी माणसं बसवली आहेत. तरीही, आहुप्याची एखादी पोरगी आपल्या बापाच्या जमिनीचा निकाल मोबाइलवर मराठीत वाचते आणि मला येऊन विचारते, "हा मुद्दा तुम्ही मांडला होता का?" तेव्हा मला तिच्यापुढे उत्तर द्यावं लागतं. हे मला पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. पक्षकार फोनमध्ये बघून आला म्हणून त्याला कधी तुसडेपणाने वागवू नको.

साक्षीचं बघ. २१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात घटनापीठापुढच्या युक्तिवादाचं एआयने प्रथम शब्दांकन केलं, आणि प्रकरण होतं आपल्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचं. केरळात १ नोव्हेंबर २०२५ पासून खालच्या कोर्टांत साक्षी नोंदवायला अशीच प्रणाली लावली आहे. आपल्याकडे काय होतं ते तू अजून पाहिलेलं नाहीस. साक्षीदार म्हणतो, "साल काय मला आठवत नाय, पण तवा धरणाचं पाणी जुन्या आंबेगावात शिरलं होतं." साहेब सांगतात, टायपिस्ट टाइप करतो: "मला साल आठवत नाही." संपलं. आपल्या तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, आणि या भागातल्या म्हाताऱ्यांचं कॅलेंडर ते पाणीच आहे. त्या अर्ध्या वाक्यात साल होतं, आणि ते वाऱ्यावर गेलं. पूर्ण वाक्य कागदावर ठेवणारं यंत्र आलं तर मी त्याचं हात जोडून स्वागत करीन. फक्त त्याला महादेव कोळी म्हाताऱ्याची बोली कळली पाहिजे, आकाशवाणीवरच्या बातम्यांची नुसती नव्हे. ते यंत्र आपल्या कोर्टात येईल तेव्हा, साक्षीदाराने सही करण्याआधी त्याचं बोलणं आणि कागद ताडून बघणारा वकील तिथे लागेल. वनहक्काच्या दाव्यांत तर नियमांनीच गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ही जमीन कोण कसत होतं, हे त्या म्हाताऱ्याच्या तोंडून निघेल तेव्हाच कुठल्याही यंत्रात जाईल. आणि अशी माणसं आता थोडी राहिली आहेत.

ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ साली ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यातले ५३.५७ कोटी एआयसारख्या नव्या तंत्रासाठी. देशात खालच्या कोर्टांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत, तेव्हा हे यायलाच हवं. फक्त निकाल माणसानेच द्यायचा, हे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या धोरणात लिहून टाकलं ते मला पटतं.

काही लोकांची पोटं यात मारली जातील, ते मला दिसतंय. कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट बघ. मी आलो तेव्हा मराठी टाइपरायटर होते, कार्बन घालून पाच प्रती, एक चूक झाली की अख्खं पान पुन्हा. त्यातल्या काहींनी कॉम्प्युटर शिकून घेतला, काही घरी बसले. आता भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, साधी नोटीस लोक फोनवरच करून आणतात. त्यांच्यातला एक जण मला गेल्या आठवड्यात म्हणाला, "साहेब, आता फक्त प्रिंट मारायला येतात." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याच्याइतका फेरफार वाचता येणारा माणूस तालुक्यात दुसरा नाही. तू आलीस तर आधी त्याच्याजवळ बस.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, पक्षकाराचे कागद जसेच्या तसे कुठल्याही सार्वजनिक एआयवर चढवायचे नाहीत. शहरात नाव झाकलं की माणूस झाकला जातो. इथे नुसतं गाव आणि गट नंबर सांगितला तरी घर कळतं. बाई माहेरी का आली, कोणाला कुठला आजार, भाऊ भावाला काय बोलला, हे आपल्याला विश्वासाने सांगितलेलं असतं आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने ते आपल्यावर बांधलेलं आहे. आणि कुणी आवाजाची क्लिप घेऊन आलं की चुलत्याने फोनवर हिस्सा कबूल केलाय, तर लगेच हुरळू नको. जालन्याच्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागतंच असं ठरवलं, ते नव्या कायद्यात कलम ६३ मध्ये आलं आहे. प्रमाणपत्र सांगतं की क्लिप या फोनमधून आली. आवाज चुलत्याचाच आहे की यंत्राने बनवला, हे त्याच्यावरून कळत नाही.

तू लहान असताना मी तुला जुन्नरजवळच्या मानमोडीच्या लेण्यांत नेलं होतं, आठवतं का? तिथे एक लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने मंडप आणि पाण्याचं टाकं दिलं, वर्ष ४६. देणारा कोण, काय दिलं, केव्हा दिलं. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दस्तच तो. पुढे मराठेशाहीत गोतसभेचे महजर झाले, त्यावर लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करायचा. अजूनही कोर्टात दाखल कागदाला आपण निशाणीच म्हणतो. कुणीतरी पुढे येऊन म्हणतो, हे माझं म्हणणं, ही माझी खूण, चुकलं तर मला धरा. दाव्यावर तू सही करशील तेव्हा त्या कागदातला प्रत्येक शब्द, कुठूनही आलेला असो, तुझा होतो. त्या बाईच्या शेंगा मी हे लिहितानाही विसरलेलो नाही.

नोकरीचं म्हणशील तर कंपनीत पगार वेळेवर मिळेल, इथे पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातील, हे मी गोड करून सांगणार नाही. तिकडेही चांगलं काम असतं. पण तू "शिकू कुठे" असं विचारलंस, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे इथलंच उत्तर आहे. माझा सीनिअर मला सहा महिने दुसरं काही करू देत नव्हता, फक्त तारखांची यादी. फाइल घ्यायची, प्रत्येक कागदाची तारीख, खाली तो काय सांगतो ते एका ओळीत, आणि दोन तारखांच्या मधे मोठी फट असेल तर समासात लाल खूण. तेव्हा मला तो जाच वाटायचा. आज यंत्र तीच यादी मिनिटात करतं, आणि तरीही तुला मी तेच काम देणार आहे, हाताने. तुझी यादी झाली की मग यंत्राची बघू, आणि दोघींत फरक कुठे पडला त्यावर तू आणि मी बोलू. जुन्नरकडचा एक मोडी कागद आहे. मोडीचं देवनागरी करणारी एआय प्रणाली रुरकीच्या आयआयटीने २०२५ मध्ये मांडली आहे, तसं काही आपल्या हाती आलं तर याच कागदावर लावून बघू. तोवर मला जेवढी वाचता येते तेवढी तुला शिकवतो.

त्या मुलाचा अर्ज कलम ५ खाली मुदतीत दाखल झाला. येत्या मंगळवारी तहसीलदारांची स्थळपाहणी आहे. चुलता म्हणणार, इथे कधी चाकोरी नव्हतीच. मी परवा जाऊन आलो. आंब्याच्या खोडाला एका बाजूने, जमिनीपासून हातभर वर, साल घासून गुळगुळीत झालेली आहे. गाडीचा आख तिथे लागत असणार. मुलाने फोटो काढले आहेत, पण पंचनाम्यात ती खूण कुठल्या शब्दांत लिहून घ्यायची ते मला अजून नीट जमलेलं नाही. सोमवारी रात्रीपर्यंत आलीस तर दोघं मिळून लिहू. खाचरांत अजून चिखल आहे, जुने बूट घालून ये.

तुझा,
आजोबा